वहिवाट

रात्री पावणेअकराला सावद्याहून नसीर तडवीचा फोन:
"ताई, भाव दिसत नै. नुसतं चारशे तीन येतंय.
चारशे तीन काय, केळीचा भाव आहे का?"
मागे ट्रकचं इंजिन, कुणीतरी घड मोजतंय.
म्हटलं, नाही रे भो, ती मनाई आहे.

फैजपुरात खताच्या दुकानावर माझी खोली.
मे महिन्यातली भिंत अजून तव्यासारखी,
कूलरला पाणी घालायचं राहिलेलं,
डब्यात कळण्याची भाकरी, अर्धी.
तशीच सर्व्हरवर शिरले.

भावाची फाईल जागेवर होती.
सहा-चार-चार: मालकाने लिहावं, बाकीच्यांनी वाचावं.
नसीरच्या वतीने आत जाणारा सर्व्हरचा गडी,
तोही बाकीच्यांतलाच.
फाईलचं काही चुकलेलं नव्हतं.
लॉगमध्ये मात्र ओळीखाली ओळ,
नाकारलं, नाकारलं, नाकारलं,
दुपारी सव्वातीनपासून.
सव्वातीन. तेव्हाच कळायला हवं होतं.

अशा वेळी हात आपोआप सात-सात-सातकडे जातो.
सगळ्यांना सगळं. वाचा, लिहा, चाला, कापून न्या.
एका पतपेढीच्या साइटवर कुणी तेच केलं होतं;
महिन्याभराने ठेवींच्या दरांच्या जागी
पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात,
आणि चेअरमन मला विचारत होते
ही नवी योजना आहे का.
हात मागे घेतला.

वडील भूमापक होते, यावल तालुक्यात.
म्हणायचे, तंटा वावराचा कमी, वाटेचा जास्त.
वावर तुझ्या नावावर, विहीर तुझी, मोटार तुझी,
पण मधल्या गटवाल्याने काटे टाकले
तर केळीला आत बसून पिकावं लागतं.
मोजणीला गेले की आधी रस्त्यापासून चालत यायचे,
वावर शेवटी.

तशीच निघाले, वरून खाली, एकेक फोल्डर.
मूळ, उघडं.
त्याखालचं, उघडं.
मग मुकुंदा वारकेचं घर: सात-शून्य-शून्य.

मुकुंदाने हे सगळं पहिल्यांदा उभं केलं
स्वतःच्याच खात्यात, तात्पुरतं म्हणून.
सहा वर्षं झाली. तो सुरतेला गेला.
आणि आज दुपारी जुनी खाती साफ करताना
त्याचं खातं मीच पुसलं,
त्याच्या दाराला मीच कडी घातली.
सुरक्षिततेसाठी, असं वहीत लिहिलंय,
वळणदार अक्षरात.

खातं पुसलं की नाव जातं,
मालकाच्या रकान्यात आकडा उरतो.
१००३.
त्या आकड्याकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.
फोनवर नसीर: "ताई, आहे का?"

सात-एक-एक टाकलं.
एक म्हणजे फक्त पाऊल ठेवायचा हक्क.
थांबून बघायचं नाही आजूबाजूला काय पेरलंय,
ज्याला पुढची वाट नावानिशी ठाऊक
त्याने सरळ निघून जायचं.
वडील याच्यासाठी तलाठ्याच्या मागे लागायचे,
सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहून घ्यायला.

"दिसला," नसीर म्हणाला. मग थांबून,
"कालच्यापेक्षा साठ रुपये खाली."
ते माझ्या हातात नाही रे.
"माहीत आहे ताई." इंजिनचा आवाज लांब गेला.

मालक बदलायचा हुकूम टाईप करून ठेवलाय,
एंटर बाकी आहे.
फेरफाराला हरकतीचे पंधरा दिवस असतात,
इथे एक सेकंदही नसतो.
सकाळी आधी सुरतेला फोन करीन,
विचारीन, तुझं काही राहिलंय का रे तिथे.

आता कूलरला पाणी.